जुन्या फोटोंतली चांदी

घटस्थापनेच्या आधी चार दिवस मी देवणीला आत्याकडे होतो. लातूर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, उदगीरच्या खाली, कर्नाटकाच्या सीमेला खेटलेले हे तालुक्याचे गाव. गाव पाहिले नसले तरी नाव पुष्कळांनी ऐकलेले असते, ते तिथल्या गुरांमुळे. देवणी जातीचा बैल कामाला आणि गाय दुधाला, असा तिचा दुहेरी लौकिक. वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तिच्यात तीन प्रकार. आत्याच्या गोठ्यात आहे ती शेवरा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके शिंपडल्यासारखी. या गाईला दगडी झाली होती. शहरातील वाचकांसाठी सांगायचे तर कास सुजून कडक होते, दुधात गाठी येतात आणि गाय हात लावू देत नाही. त्यामुळे घरात दुधापेक्षा काळजीच जास्त होती.

त्यातच नवरात्राआधीचे घर काढणे चालू होते. माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात काय असावे? मामांच्या छातीचे फोटो! आत्याच्या यजमानांना आम्ही सारी भाचरे मामा म्हणत असू. त्यांना दम्याचा विकार होता. आणि गाव बदलले की डॉक्टर बदले, डॉक्टर बदलले की छातीचा नवा फोटो निघे. पंधरा-वीस वर्षांत असे चाळीसएक एक्स-रे साठले होते. मामा गेले, ट्रंक राहिली.

नेमका त्याच वेळी दारात भंगारवाला आला. डबे, बाटल्या, मोडकी सायकल यांच्याकडे त्याने उडत उडत पाहिले. पण ट्रंकेवर नजर जाताच गडी पायरीवर बसला. "मावशी, त्या फोटोंचं बोला," म्हणाला, आणि लोखंडाच्या कितीतरी पट भाव त्याने आपण होऊन सांगितला. आत्याला संशय आला. भंगारवाल्याने आपण होऊन चांगला भाव सांगितला की कोणत्याही गृहिणीला संशय येणारच.

"या कचकड्यात त्याला एवढं काय दिसूलालंय रे?" आत्याने मला विचारले.

"चांदी आहे त्यात," मी म्हटले.

आत्या क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग ती चांदी आपल्या गाईच्या कासेला नाही का लावता येणार? चांदीनं जंतू मरतात म्हणून टीव्हीवर सांगतात की."

प्रश्न गोठ्यात बसून विचारलेला होता; पण मौज अशी की, नेमक्या याच प्रश्नावर गेली वीस-पंचवीस वर्षे मोठमोठ्या प्रयोगशाळांतून डोकेफोड चालली आहे. टाकाऊ मालातून चांदी काढायची, तिचे अतिसूक्ष्म कण करायचे आणि ते जंतूंवर सोडायचे. या कामात आपल्या पुण्याचा वाटा लहानसहान नाही. आत्याला त्या दिवशी मी जे तुटक तुटक सांगितले, तेच आज थोडे जुळवून या सदरात मांडतो.

टाकाऊतून चांदी काढण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ, भट्टीची राख, हात धुतलेले पाणी, यांतून सोन्या-चांदीचे कण धुऊन काढणारे झारेकरी जुन्या पिढीला चांगले ठाऊक आहेत. गटारीशी बसून मातीचे घमेले पाण्यात खळखळवणारा माणूस पाहून मुलांना हसू येई. पण संध्याकाळी त्याच्या मुठीत जे असे, ते हसण्यासारखे नसे. जुन्या जरीचेही तसेच. खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. आजीचा विरलेला शालू कोणी जरीसाठी विकत घेतला, की तो पुन्हा नेसला जात नसे. तो जाळून राखेतून चांदी काढली जाई. आजच्या बऱ्याच जरी प्लास्टिकच्या असतात, त्या जाळून फक्त घाण वास निघतो.

आणि सांगली जिल्ह्यातील गलाईवाले! खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ हे अवर्षणाचे तालुके. पाऊस नाही म्हणून तिथली माणसे बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन देशभरातल्या सराफ बाजारांत जाऊन बसली. परमुलखातल्या पेठेत एखाद्या अंधाऱ्या बोळात भट्टीपाशी बसलेला माणूस अस्सल माणदेशी मराठीत बोलू लागला, की आपण चकित होतो. तो बहुधा विट्याकडचा गलाईवाला असतो. डागाचा तुकडा तेजाबात टाकला की चांदी विरघळते, सोने तळाशी राहते. मग त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की तांबे विरघळू लागते आणि चांदी भुरकट चिखलासारखी खाली बसते. पाणी निळे होते. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता पिढ्यान् पिढ्या चाललेले हे रसायनशास्त्र आहे. तेजाबातून निघणारा तांबूस धूर मात्र पुस्तक वाचलेल्याच्या आणि न वाचलेल्याच्या फुप्फुसात सारखाच शिरतो. बोळातल्या खोलीत धुराडे कितपत काम देते, हे त्या खोलीत दहा मिनिटे उभे राहिल्यावर कोणालाही कळते.

आता मामांच्या फोटोंकडे वळू. एक्स-रेच्या जुन्या प्लेटवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीच्या क्षाराचे कण पेरलेले असतात. क्ष-किरण पडले, की प्लेट धुताना त्या जागच्या क्षाराची शुद्ध चांदी होते. ही चांदी चकाकत नाही. इतकी बारीक असते की काळी दिसते. जिथे किरण पोचले नाहीत, तिथला क्षार तसाच राहतो आणि हायपोच्या पाण्यात विरघळून निघून जातो. म्हणून एक्स-रेतले काळे ते सारे चांदीचे आणि पांढरे ते मोकळे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. आत्याने ती पुढे फार कामाला लावली.

वजनाने पाहिले तर अशा प्लेटांत चांदी शेकडा दीड ते दोन भरते. मोठ्या आकाराच्या वीस-पंचवीस प्लेटा किलोत बसतात. म्हणजे किलोभर प्लेटांत पंधरा-वीस ग्रॅम चांदी. २०२५ साली चांदीचा भाव किलोला एक लाख रुपयांच्या पुढे गेला. तेव्हा किलोभर प्लेटांतली चांदी दीड-दोन हजारांची झाली, आणि भंगारवाला पायरीवर का बसला याचा उलगडा झाला. फोटो स्टुडिओवाल्यांना हे फार आधीपासून माहीत होते. प्लेटा धुतलेले हायपोचे पाणी मुरलेला स्टुडिओवाला कधी मोरीत ओतत नसे. त्यात लोखंडाचा कीस किंवा जस्ताची पूड टाकली की चांदी खाली बसते. नवशिका मात्र ओतून देई आणि वर्षाकाठी काही तोळे चांदी गावच्या ओढ्याला अर्पण करी. अलीकडच्या प्लेटांचे प्रकार निराळे. काहींत चांदी असते, काहींत मुळीच नसते, आणि पुष्कळ दवाखाने तर आता फोटो सरळ मोबाईलवर धाडतात. तेव्हा हा साठा जुन्या ट्रंकांतलाच आहे आणि कधीतरी संपणारा आहे.

भंगारवाल्याकडून या प्लेटा पुढे कुठे जातात? सोपा मार्ग म्हणजे जाळणे. दोन ग्रॅम चांदीसाठी अठ्ठ्याण्णव ग्रॅम प्लास्टिक आणि जिलेटिन पेटवायचे! धूर कुणाच्या अंगणात जातो हे विचारायचे नाही. दुसरा मार्ग म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात थर सोलून काढणे. त्यात धूर कमी, पण हात भाजतात आणि सोड्याचे पाणी पुन्हा गटारातच. प्लेटा आणि आग यांचे नाते पूर्वी तर फारच भयंकर होते. सुरुवातीच्या प्लेटा नायट्रोसेल्युलोजच्या, म्हणजे जवळजवळ बंदुकीच्या दारूच्या भावंडाच्या असत. १९२९ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका प्रसिद्ध रुग्णालयात तळघरात साठवलेल्या अशा प्लेटांनी पेट घेतला आणि विषारी धुराने १२३ माणसे दगावली. त्यानंतर सुरक्षित फिल्मचा आग्रह जगभर वाढला. मामांच्या प्लेटा पॉलिएस्टरच्या. त्या अशा भडकत नाहीत, तरी जाळण्याजोग्याही नाहीत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तिसरा मार्ग दाखवला. जिलेटिन म्हणजे प्रथिन. प्रथिन पचवायचे तर विकर हवे. जसे आपल्या पोटात असते, जसे कपडे धुण्याच्या काही पावडरींत डाग काढण्यासाठी घालतात. कॉनिडिओबोलस कोरोनॅटस नावाच्या बुरशीपासून असे एक विकर या मंडळींनी मिळवले आणि त्यात टाकाऊ प्लेटा बुडवल्या. काम कोमट पाण्यात आणि मिनिटांच्या हिशेबात होते: थर सुटतो, चांदी खाली बसते आणि पारदर्शक पॉलिएस्टर अखंड हाती येते, तेही पुन्हा वापरण्याजोगे. हे काम २०१० साली प्रसिद्ध झाले. धूर नाही, उकळता सोडा नाही. मला स्वतःला या विषयातली सर्वांत समाधानाची गोष्ट हीच वाटते, जरी वर्तमानपत्रांना पुढचे 'नॅनो' प्रकरण जास्त आवडते.

ते प्रकरण असे. एक ग्रॅम चांदीचा घनाकृती खडा केला तर त्याची बाजू साडेचार मिलिमीटरही पुरी भरत नाही... छे, थोडी जास्तच भरते. पण सगळ्या बाजू मिळून पृष्ठभाग सव्वा चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढा. आता त्याच ग्रॅमचे दहा नॅनोमीटर जाडीचे कण करा. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे सात-आठ हजार कण ओळीने बसतील. या सर्व कणांचा पृष्ठभाग मिळून सत्तावन्न चौरस मीटर होतो! मुंबई-पुण्यात एवढ्या जागेत चौकोनी कुटुंबाचा ब्लॉक होतो. चांदी तेवढीच, पण नखाएवढी होती ती ब्लॉकभर पसरली. जंतूंशी गाठ पडते ती पृष्ठभागाची, म्हणून हा सारा खटाटोप.

जंतू मरतात ते कसे? चांदीच्या पृष्ठभागावरून विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, सुटत राहतात. चांदीला गंधकाची भारी ओढ. देवघरातली निरांजने काळी पडतात ती याच ओढीने. जंतूंच्या प्रथिनांत गंधक असतो. आयन त्याला जाऊन चिकटतो आणि जंतूचा श्वास, आवरण, वाढ, सारेच बिघडते. कण स्वतः मारतात की त्यांतून सुटणारे आयन, यावर बरीच वर्षे वाद होता. २०१२ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात प्राणवायू पूर्ण काढून टाकून, म्हणजे आयन सुटणारच नाहीत अशी व्यवस्था करून, प्रयोग केला. तेव्हा कण जंतूंच्या अंगाखांद्यावर असूनही जंतू सुखरूप राहिले. म्हणजे कण हे आयनांचे कोठार, मारेकरी आयनच.

जखमेवर चांदी हेही काही आजचे नव्हे. जर्मनीत क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास नवजात अर्भकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि असंख्य मुले अंधत्वातून वाचली. १९६८ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स फॉक्स यांनी भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझीन पुढे आणले. ते पांढरे मलम आजही बहुतेक दवाखान्यांत असते. दिवाळीत फटाक्याने हात भाजलेल्या पुष्कळ मुलांनी ते लावून घेतलेले असेल.

पुण्यात दोन ठिकाणी यापुढचे काम झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि अबसार अहमद यांच्या गटाने बुरशीकडून चांदीचे सूक्ष्म कण करवून घेतले. २००१ पासून त्यांचे निबंध येऊ लागले. २००३ मध्ये त्यांनी वापरलेली बुरशी फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम. हे नाव लातूरकडच्या शेतकऱ्याला अगदीच परके नाही, कारण हरभऱ्याला मर लागते ती याच बुरशीच्या एका प्रकाराने. रानात जिचा तळतळाट करायचा, ती प्रयोगशाळेत चांदीची कारागीर! पुढे २००४ मध्ये त्यांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने तेच काम साधले. चांदीच्या क्षाराच्या निवळ पाण्यात काढा घालायचा आणि पाहत राहायचे. पाणी पिवळे, मग तपकिरी होते. चकाकी नाही, खणखणाट नाही. चांदी पिवळी दिसू लागली की समजावे, ती नॅनो झाली. अमरावती विद्यापीठातही महेंद्र राय यांच्या गटाने याच विषयाला वाहून घेतले.

दुसरे ठिकाण आघारकर संशोधन संस्था. तिथे किशोर पाकणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते वीस नॅनोमीटरच्या कणांचे जखमेवर लावायचे जेल तयार केले. २००९ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले, त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: त्या पांढऱ्या मलमाइतकाच जंतुनाशक गुण या जेलमध्ये आढळला, पण चांदी तिसाव्या हिश्शाने. हिशेब करून पाहा. पांढऱ्या मलमाच्या ग्रॅममध्ये चांदी सुमारे तीन मिलिग्रॅम. जेलमध्ये त्याचा तिसावा हिस्सा, म्हणजे एक दशांश मिलिग्रॅम. एक ग्रॅम चांदीत दहा किलो जेल! मामांच्या ट्रंकेतल्या पावणेदोन किलो प्लेटांतून सारी चांदी हाती लागली असे धरले, तर अडीच-तीनशे किलो जेल होईल. देवणी तालुक्यातली सगळी खरचटलेली ढोपरे माखून वर उरेल.

याच वर्षी डिसेंबरात टाटांचे 'स्वच्छ' नावाचे पाणी गाळण्याचे यंत्र बाजारात आले. त्यात भाताच्या तुसाची राख आणि तिच्यावर बसवलेले चांदीचे सूक्ष्म कण. राखेची मूळ कल्पना टाटांच्याच पुण्यातल्या संशोधन केंद्राची. तिचा 'सुजल' नावाचा गाळणा आधीच होता. वीज नको, नळाचा दाब नको, आणि किंमत हजार रुपयांच्या आत. तिथे टाकाऊ होती ती राख, चांदी नव्हे.

आणि इथेच आत्याच्या प्रश्नाची खरी गाठ आहे. जेलला चांदी इतकी थोडी लागते, की ती भंगारातून आणली काय किंवा सराफाकडून विकत आणली काय, ट्यूबच्या किमतीत फारसा फरक पडत नाही. औषध करणाऱ्याला चांदी स्वस्त नको असते, स्वच्छ हवी असते. सोनाराच्या झाऱ्यातल्या मालात तांबे येते, जस्त येते, शिसे येते, आणि केडीएमच्या डाकामुळे कॅडमियम येते. हे कॅडमियम मूत्रपिंडाचे वैरी. असली चांदी पुरी शुद्ध न करता तिचे कण केले तर जंतूंबरोबर रोग्यालाही औषध लागू पडायचे. एक्स-रे प्लेटेची चांदी त्या मानाने कुलीन; फोटोच्या धंद्यात मुळापासून अतिशुद्ध चांदीच लागते. तरीसुद्धा तिला तेजाब, शुद्धीकरण, कणांची मोजणी, त्यांनी गोळा होऊन बसू नये म्हणून आवरण, आणि मग तपासण्यांची लांबलचक रांग, एवढे सगळे आहेच. "टाकाऊतून औषध" असे मथळे वाचले की असे वाटते, माळ्यावरून ट्रंक काढली आणि मलम तयार झाले. मध्ये दहा खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीच्या दाराशी एक तपासनीस उभा असतो.

मग जुन्या प्लेटांतून चांदी काढावी कशासाठी? माझ्या मते, त्या जाळल्या जाऊ नयेत म्हणून. हायपोचे पाणी ओढ्यात जाऊ नये म्हणून. बोळातल्या खोलीतल्या पोराचा श्वास वाचावा म्हणून. औषधाचे नाव घेतले की संशोधनाला पैसा मिळतो, हे खरे. पण ज्या दिवशी विकराने प्लेट सोलण्याचे काम भंगारवाल्याला परवडेल, त्या दिवशी या संशोधनाने खरी कमाई केली असे मी म्हणेन.

चांदीच्या भक्तांना दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. चांदीचे पाणी रोज चमचाभर घ्यावे, सर्व रोग जातात, असे सांगणारे लोक हल्ली मोबाईलवर फार झाले आहेत. अमेरिकेच्या औषध खात्याने १९९९ सालीच जाहीर केले की, दुकानात खुलेआम मिळणारी अशी पाणी-औषधे सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. वर्षानुवर्षे चांदी पोटात गेली तर ती कातडीत साठते आणि माणूस राखी-निळा होतो. तो रंग बहुधा जन्मभर जात नाही. आपल्याकडे निळा रंग देवाला शोभतो, जावयाला नाही. उष्टावणाच्या चांदीच्या वाटीची गोष्ट वेगळी. तिच्यातून सुटते ते नगण्य, खुशाल वापरावी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. १९७५ साली बॉस्टनच्या एका रुग्णालयात भाजलेल्या रोग्यांच्या विभागात असे जंतू सापडले, की ज्यांच्यावर सिल्व्हर नायट्रेटचा परिणामच होत नव्हता. आणि शिवाय काही प्रतिजैविकांनाही ते दाद देत नव्हते. जंतू चांदीलाही सरावू शकतात. असे असता मोजे, शर्ट, भांडी, धुलाई यंत्रे, सगळीकडे चांदीचे कण मारण्याची हौस कशाला? अमेरिकेत अॅरिझोनाच्या संशोधकांनी २००८ मध्ये चांदीचे मोजे नुसते पाण्यात खळबळवून पाहिले. काही मोज्यांतली बरीच चांदी पाण्यात उतरली. पायाचा वास घालवण्यासाठी जखमेचे औषध बोथट करणे हा व्यवहार मला तरी कळत नाही.

राहिली गाय. दगडी आणणारे जंतू बशीतल्या प्रयोगात चांदीच्या सूक्ष्म कणांनी मरतात, असे प्रयोग झालेले आहेत. पण कास म्हणजे बशी नव्हे. दुधातली प्रथिने आणि क्षार चांदीला वाटेतच धरून ठेवतात; आणि जी चांदी कासेत जाईल, तिच्यातली काही दुधात उतरेल, ते दूध घरातली मुले पिणार. हे मी आत्याला सांगितले, तेव्हा तिने मान हलवली. "मंग नको बाई," म्हणाली. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, जवळपास जनावरांचे डॉक्टरही आहेत. त्यांना त्याच दुपारी फोन केला. त्यांनी दुधाची तपासणी केली, नेमके प्रतिजैविक दिले आणि तीन गोष्टी बजावल्या: औषधाचे दिवस पुरे करायचे, अर्ध्यावर सोडायचे नाही, औषध चालू असताना आणि त्यानंतरही सांगितलेले दिवस ते दूध घरात घ्यायचे नाही, डेअरीला तर नाहीच, आणि आजारी गाईची धार सर्वांत शेवटी काढून हात आणि सड धुवायचे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी देशभर पाळल्या जात्या, तर चांदीच्या मागे लागण्याची एवढी पाळीच आली नसती, असे डॉक्टर मोटारसायकलला किक मारता मारता बोलून गेले.

संध्याकाळी भंगारवाला ठरल्याप्रमाणे पुन्हा आला. त्याने काटा काढला. पण आत्याचा हात ट्रंकेवरून हलेना. शेवटी तिने एक प्लेट उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मामांच्या बरगड्या पांढऱ्या शुभ्र दिसत होत्या, भोवती काळोख.

"तू म्हणालास ना, काळं तेवढं चांदीचं?"

"हो."

"म्हणजे ह्यांची हाडं आहेत तिथं काहीच नाही?"

"तिथली चांदी तेव्हाच धुऊन गेली. जिथे हाड नाही, नुसती हवा आहे, तिथे चांदी."

आत्या थोडा वेळ पाहत राहिली. मग भंगारवाल्याला म्हणाली, "बाबा, ही एक राहू दे मला. बाकीच्या घेऊन जा. पण जाळूलालाव का तुम्ही त्या?"

त्याने प्रामाणिकपणे सांगितले की पुढचे त्याला माहीत नाही. तो माल उदगीरला देतो, तिथून कुठे जातो ते तोही सांगू शकत नाही. आत्याने भावात दहा रुपये वाढवून घेतले. उरलेल्या प्लेटा सुतळीने बांधून त्याने सायकलीला अडकवल्या, आणि ठेवलेली एक प्लेट आत्याने पुसून पुन्हा ट्रंकेत, पितांबराच्या घडीखाली सरकवून दिली. गोठ्यात गाय हंबरली, तशी ती धार काढायला उठली. त्या दिवसापासून दूध उकिरड्यावर ओतायचे होते.